विजेची ऋतुवार बेगमी

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघून पवनारला धाम नदी ओलांडली की पुढे सेलू लागते. भोवताली काळी कसदार जमीन, उत्तरेस बोर नदीवरचे धरण आणि त्याला लागून असलेले व्याघ्रप्रकल्पाचे अरण्य, खरिपात कापूस, सोयाबीन व तूर, आणि ज्यांच्या विहिरीला अगर कालव्याला पाणी आहे त्यांच्या वावरात हिवाळी गहू-हरभरा, असा या तालुक्याचा संसार आहे. आणि हा सारा संसार आता विजेच्या तारेवर इतका अवलंबून आहे की आभाळातला प्रत्येक पालट त्या तारेतून वाहणाऱ्या प्रवाहात उमटल्यावाचून राहत नाही. मृगाच्या सरी बरसल्या की कूलर बंद होतात, मोटरपंप विसावतात आणि मागणी एकाएकी उतरते. ऑगस्टात पावसाने ओढ दिली की तेच पंप पऱ्हाटी आणि सोयाबीन जगवण्यासाठी अवेळी सुरू होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास रब्बीची पेरणी आणि कापसाचे ओलीत एकाच वेळी येऊन पडते, त्यापाठोपाठ जिल्ह्यातले जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालू होतात. आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा तापू लागला, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाऊन ठेपला, की मध्यरात्रीसुद्धा घरोघरचा कूलर थांबत नाही.

तेव्हा सेलूला किती वीज पुरेल, या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर देता येत नाही. आणि जे सेलूविषयी खरे आहे तेच, प्रमाण तेवढे मोठे करून, महाराष्ट्राविषयी, पश्चिम विभागातील राज्यांविषयी आणि अखिल देशाच्या वीजजाळ्याविषयीही खरे आहे. तथापि दीर्घकाळपर्यंत वीजनियोजनाची प्रकृती एका आकड्याचीच राहिली. वर्षातील सर्वांत मोठ्या मागणीचा एक क्षण हेरावा, त्या क्षणापुरती वीजकेंद्रे उभी आहेत की नाहीत ते पाहावे, आणि तेवढी असल्यास उरलेले वर्ष आपोआप पार पडेल असे गृहीत धरावे, अशी ती पद्धत होती. बव्हंशी कोळशावर आणि धरणांवर चालणाऱ्या व्यवस्थेत ती कशीबशी तग धरून राहिली. सूर्य आणि वारा यांच्यावरची भिस्त दरसाल वाढत असताना ती टिकणारी नाही. प्रत्येक ऋतूसाठी किती क्षमता हाताशी असलीच पाहिजे हे त्या त्या ऋतूच्या संकटावरून स्वतंत्रपणे ठरवणे, आणि तो आकडा लोकांसमोर उघडपणे मांडणे, हे आता अगत्याचे झाले आहे.

जुन्या घरातील जाणती गृहिणी वर्षाचे धान्य एका ढिगात मोजून स्वस्थ बसत नसे. पावसाळ्यापूर्वी जळण आणि गोवऱ्या, उन्हाच्या दिवसांत पापड, कुरडया आणि सरगुंडे, सणावारासाठी निराळी तजवीज, अशी तिची बेगमी ऋतुवार असे. विजेचा कारभार तिच्यापेक्षाही अवघड आहे, कारण वीज कणगीत भरून ठेवता येत नाही. धरणातल्या पाण्याच्या किंवा विद्युत्घटांच्या रूपाने तिचा अल्पसा साठा होतो खरा, पण बाकी सारी वीज ज्या क्षणी हवी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा हा तोल किती सांभाळला गेला याची निशाणी म्हणजे वारंवारता. ती सेकंदाला ५० आवर्तनांच्या जवळ, म्हणजे ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राहावी असा नियम आहे. मागणी पुढे गेली आणि निर्मिती मागे राहिली की वारंवारता उतरू लागते, आणि ती सावरण्यासाठी कोणाचा तरी पुरवठा तोडणे एवढाच मार्ग अखेर उरतो. ही पहारेदारी राज्यापुरती कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र आणि विभागापुरती मुंबईचे पश्चिम विभागीय केंद्र अहोरात्र करीत असते. परंतु पहारेकऱ्याच्या हाती मुळात किती वीजकेंद्रे आहेत, याची तरतूद कित्येक महिने, किंबहुना कित्येक वर्षे आधी झालेली असावी लागते.

सेलूच्या एका रोहित्रावर येणारी वीज आता कोठून येते हे सांगता येणार नाही इतके हे जाळे विस्तारलेले आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले तेव्हा राज्यांची जाळी बहुतांशी आपापल्या सीमेत होती. पुढे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, आताचे छत्तीसगड आणि गोवा यांचा पश्चिम विभाग सिद्ध झाला, २००६ साली उत्तर विभाग पूर्व, ईशान्य व पश्चिम विभागांशी एका वारंवारतेने जोडला गेला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण विभागही त्यांत सामील होऊन देशभर एकच जाळे झाले. वर्धा जिल्हा या जाळ्याच्या हमरस्त्यावर आहे. छत्तीसगडच्या कोळसा खाणींच्या मुखाशी निर्माण होणारी वीज वर्ध्याच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने जाते. जाळे मोठे झाले म्हणजे एकाच्या अडचणीला दुसरा धावून येतो, हा त्याचा गुण आहे. परंतु सगळ्यांची अडचण एकदमच आली, अथवा मदत वाहून नेणारी वाट अपुरी पडली, तर काय होते हे २०१२ च्या जुलै महिन्याने दाखवून दिले.

त्या वर्षी उत्तरेत पावसाने दगा दिला होता, भातशेतीचे पंप रात्रंदिवस चालले होते, आणि त्याच सुमारास पश्चिम विभागात पाऊस झाल्याने येथील मागणी उतरून वीज शिल्लक पडत होती. ही शिलकी वीज मोजक्या वाहिन्यांवरून उत्तरेकडे लोटली गेली, बीना-ग्वाल्हेर-आग्रा या मार्गावर भार असह्य झाला, आणि ३० व ३१ जुलै रोजी लागोपाठ दोन दिवस जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांतील सुमारे ६० कोटी लोक अंधारात होते. पश्चिम विभाग त्यांतून बचावला. देशातल्या वीजकेंद्रांची वार्षिक बेरीज त्या दिवशी कमी नव्हती. एका विशिष्ट ऋतूत, एका विशिष्ट विभागात, विशिष्ट वाटेने पोहोचू शकेल अशी वीज कमी होती. वार्षिक सरासरीच्या पोटात असे संकट दिसतच नाही, ते ऋतूचा आणि विभागाचा हिशेब मांडल्यावरच दिसते.

महाराष्ट्राने या विषयात दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत मोजलेली आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा घेऊन सुरू झाला तेव्हा, वापर होवो न होवो, वर्षभराचा स्थिर खर्च भरण्याचे ओझे करारान्वये विद्युत मंडळाच्या माथी आले. राज्याला निकड होती ती ठराविक महिन्यांतल्या ठराविक तासांची, आणि गळ्यात पडली ती बारमाही महाग वीज. दोनच वर्षांत, २००१ साली, मंडळाने ती घेणे थांबवले, आणि माधव गोडबोले यांच्या समितीने त्या करारांची कठोर चिकित्सा केली. गरजेपेक्षा अधिक आणि चुकीच्या जातीची क्षमता बांधून घेण्याचे हे उदाहरण ताजे असतानाच उलट्या दिशेने गाडी घसरली. २००५ साली मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण असे विभाजन झाले त्या सुमारास तूट चार ते पाच हजार मेगावॅटच्या घरात गेली होती, आणि पुढची कित्येक वर्षे भारनियमन हा ग्रामीण महाराष्ट्राचा नित्यक्रम होऊन बसला. २०१२ च्या डिसेंबरात, गळती आणि थकबाकी जास्त असलेल्या वाहिन्या वगळून, राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर काही वर्षांत पुन्हा वीज अतिरिक्त झाली, बंद ठेवलेल्या संचांचा स्थिर खर्च ग्राहकांच्या देयकांत उतरू लागला. आणि २०२२ च्या मार्च-एप्रिलात, गेल्या शतकाहून अधिक काळातला सर्वांत उष्ण मार्च आणि कोळशाची टंचाई एकत्र आल्यावर, भारनियमनाचे सावट पुन्हा राज्यावर पडले. तूट आणि अतिरेक यांचा हा लंबक वार्षिक बेरजेच्या जोरावर कधीच स्थिर होणार नाही.

या अनुभवातून देशपातळीवर एक नवी शिस्त आकाराला आली आहे. २०२२ सालच्या सुधारित वीज नियमांनी प्रत्येक वितरण कंपनीला पुढील काळातील मागणी भागेल एवढी साधने आधीच बांधून ठेवण्याचे बंधन घातले. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सल्ल्याने त्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आणि २०२४ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने साधनसंपत्तीच्या पर्याप्ततेविषयीचे स्वतःचे विनियम अमलात आणले. त्यान्वये महावितरणसारख्या कंपनीने दहा वर्षांचा आराखडा करावा, तो दरसाल ताजा करावा, आणि आवश्यक क्षमतेपैकी पाऊण किंवा त्याहून थोडा अधिक हिस्सा दीर्घ मुदतीच्या करारांनी, काही मध्यम मुदतीच्या आणि उरलेला अल्प मुदतीच्या करारांनी भागवावा, अशी ही रचना आहे. प्रत्येक कंपनीने केवळ स्वतःच्या मागणीपुरते न पाहता, विभागाची आणि देशाची मागणी कळसाला पोहोचते त्या घटकेतील आपला वाटाही सांभाळावा, हाही तिचा आशय आहे, कारण सगळ्यांनीच शेजाऱ्याच्या भरवशावर राहायचे ठरवले तर शेजारी उरतच नाही.

किती भरवसा पुरेसा मानावा, याचीही मापे ठरलेली आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अभ्यासात वीज अपुरी पडण्याची संभाव्यता वर्षातील तासांच्या ०.२ टक्क्यांहून अधिक नसावी, आणि पुरवता न आलेली वीज एकंदर गरजेच्या ०.०५ टक्क्यांच्या आत असावी, असा दंडक धरलेला आहे. वर्षाचे तास ८,७६०, त्यांचे ०.२ टक्के म्हणजे सुमारे साडेसतरा तास. ऐकताना हा दंडक कडक वाटतो, आणि तो कडक आहेही. परंतु हे साडेसतरा तास वर्षभर विखुरलेले नसतात, ते एका ऋतूच्या एका आठवड्यात गोळा होतात. नवतपाच्या चार रात्री प्रत्येकी चार तास वीज गेली तरी वर्षाचा दंडक पाळल्याची नोंद दप्तरी होऊ शकते, आणि सेलूच्या आरोग्यकेंद्रात असलेल्या बाळंतिणीला, अथवा पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या वृद्धाला, त्या नोंदीचा काडीमात्र उपयोग नसतो. म्हणून वर्षाचा दंडक असावाच, परंतु त्याच्या पोटात प्रत्येक ऋतूचा निराळा दंडक असावा, हे तत्त्व अंगीकारणे प्राप्त आहे.

ऋतूचा आकडा ठरवायचा तो कसा? प्रथम त्या ऋतूतील तासातासाची मागणी अंदाजावी लागते, आणि येथेच पहिला पेच आहे. आपल्या दप्तरात नोंद असते ती पुरवलेल्या विजेची. ज्या तासाला भारनियमन झाले त्या तासाची खरी गरज त्या नोंदीत नसते. शिवाय राज्यातील पुष्कळ कृषिपंप मीटरविना असल्याने त्यांचा वापर अश्वशक्तीवरून आणि वाहिनीवरच्या मोजणीवरून तर्काने काढावा लागतो. ज्याला वीज मिळालीच नाही त्याची मागणी शून्य धरणे हा हिशेबातला दोष तर आहेच, पण तो अन्यायही आहे, आणि पुढच्या दहा वर्षांचा आराखडा त्या पायावर उभारला तर तो अन्याय कायम होतो.

मागणीनंतर साधनांची पाळी येते. वीजकेंद्राच्या फलकावर लिहिलेली क्षमता आणि गरजेच्या घटकेला त्यातून भरवशाने मिळणारी क्षमता या दोन गोष्टींत अंतर असते, आणि हे अंतर ऋतूगणिक बदलते. सातारा, सांगली, धुळे आणि नंदुरबार भागांतल्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर या काळात जोमाने फिरतात आणि इतर महिन्यांत मंदावतात. सौर प्रकल्प मे महिन्याच्या दुपारी भरभरून देतात, परंतु त्याच दिवशी रात्री दहा वाजता, जेव्हा भिंती तापलेल्या असतात आणि कूलर सर्वत्र चालू असतात, तेव्हा त्यांची भरवशाची क्षमता शून्य असते. साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती गाळपाच्या हंगामापुरती, म्हणजे हिवाळ्यापुरती असते. कोयनेची जलविद्युत केंद्रे काही मिनिटांत पूर्ण शक्तीनिशी उभी राहतात, म्हणून संकटकाळी त्यांच्याइतके विश्वासू साधन दुसरे नाही. पण कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यान्वये पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा आहे, तेव्हा ऑक्टोबरात सैल हाताने सोडलेले पाणी मे महिन्यात मागून मिळत नाही.

कोळशाची केंद्रे बारमाही म्हणावीत, तर त्यांनाही ऋतू आहेत. पावसाळ्यात चंद्रपूर, वणी आणि उमरेडच्या उघड्या खाणींत पाणी साचते, कोळसा ओला येतो आणि साठे घटतात. उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष झाले तर उपाय उरत नाही. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. याखेरीज प्रत्येक संच वर्षातून काही काळ देखभालीसाठी थांबवावा लागतो, आणि ही विश्रांती बहुधा पावसाळ्यात दिली जाते, कारण त्या काळी मागणी कमी असते अशी आपली परंपरागत समजूत आहे.

ती समजूत २०२३ सालच्या ऑगस्टाने हादरवली. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला. उकाड्याने शहरांची आणि ओलिताने शेतीची मागणी एकाच वेळी चढली, धरणातील पाणी जपून वापरण्याची पाळी आली, आणि १ सप्टेंबर रोजी देशाची मागणी २,४३,००० मेगावॅटच्या वर गेली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता, आणि तो ज्या दिवसांत आला ते दिवस विश्रांतीचे मानण्याची वहिवाट होती. ज्या नियोजनात पावसाळ्याचा आकडा उन्हाळ्याच्या आकड्यातून आपोआप निघालेला असतो, त्यात कोरड्या श्रावणाला जागाच नसते. पावसाळ्यासाठी आवश्यक क्षमता ठरवताना खंड पडलेल्या पावसाचे वर्ष डोळ्यांपुढे ठेवावे, देखभालीचे वेळापत्रक त्यानुसार वाटून घ्यावे, आणि कोळशाचा किमान साठा मेअखेरीस किती असावा हेही त्याच हिशेबात बांधून टाकावे, हा त्या वर्षाचा धडा आहे.

हा धडा परदेशातही शिकला गेला आहे, आणि काही ठिकाणी फार महाग किंमत देऊन. अमेरिकेतील टेक्सास प्रांताची सर्व तयारी उन्हाळ्याच्या उष्म्यासाठी होती; फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आले, वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रे गोठली, सुमारे २०,००० मेगावॅट पुरवठा तोडावा लागला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच देशाच्या मध्यभागातील पंधरा राज्ये आणि कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत यांचे जाळे सांभाळणाऱ्या मिसो या संस्थेने आपला जुना वार्षिक दंडक सोडून उन्हाळा, शरद, हिवाळा आणि वसंत अशा चार ऋतूंसाठी चार स्वतंत्र क्षमतामर्यादा ठरवण्याची पद्धत स्वीकारली. तिला २०२२ साली तेथील केंद्रीय नियामकाची मान्यता मिळाली आणि २०२३-२४ पासून ती अमलात आली. तेथे प्रत्येक वीजकेंद्राला चारही ऋतूंत निरनिराळे गुण मिळतात. आपले ऋतू निराळे आहेत, आपली शेती निराळी आहे, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. परंतु ज्या ऋतूत संकट संभवते त्या ऋतूच्या नावाने क्षमता राखून ठेवावी, हे तिचे तत्त्व येथेही तितकेच लागू आहे.

विभागाचा विचार केला तर आपल्याला एक मोठी अनुकूलता आहे. पश्चिम विभागातील राज्यांची शिखरे एकाच महिन्यात येत नाहीत. मध्य प्रदेशाला गव्हाच्या ओलितामुळे डिसेंबर-जानेवारीत विजेची सर्वाधिक निकड असते आणि पावसाळ्यात त्याच्याकडे वीज शिल्लक राहते. महाराष्ट्राची मागणी आता तीस हजार मेगावॅटच्या घरात जाते ती प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. शिल्लक असताना शेजाऱ्याला वीज द्यावी आणि गरजेच्या महिन्यात ती परत घ्यावी, अशी देवघेव राज्याराज्यांत आजही चालते. ऋतुवार आकडे सर्व राज्यांनी एकाच रीतीने ठरवले आणि विभागीय पातळीवर एकत्र ठेवले तर ही उसनवारी दरसालच्या घाईगर्दीच्या सौद्याऐवजी कायमच्या बंदोबस्ताचे रूप घेईल, आणि प्रत्येक राज्याला स्वतंत्रपणे बांधावी लागणारी राखीव क्षमता तेवढी कमी होईल.

आता ज्या मुद्द्यासाठी हा एवढा प्रपंच केला त्याकडे वळतो. मागणीमागणीत भेद आहे. मे महिन्यातल्या रात्रीचा कूलर लांबणीवर टाकता येत नाही. जिनिंगचा कारखाना आठ दिवस थांबून पुढे चालू शकतो. शेतातील पंप या दोहोंच्या मध्ये आहे: तो सकाळऐवजी दुपारी चालला तरी बिघडत नाही, म्हणून त्याची घटका हलवता येते, परंतु त्याचा पंधरवडा हलवता येत नाही. गव्हाला पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, पाणी मिळालेच पाहिजे. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधीचे पाणी चुकले तर नंतरच्या पाण्याने ते भरून निघत नाही. ही लवचिकता आणि ही अपरिहार्यता, दोन्ही ओळखून ऋतूचा आकडा ठरला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले? पंपाची घटका हलवता येते या एका गुणाचा उपयोग करून घेऊन व्यवस्थेने वर्षानुवर्षे आपली तूट शेतकऱ्याच्या रात्रीत नेऊन ठेवली. दिवसा आठ तास अथवा रात्री दहा तास, अशी थ्री फेज विजेची पाळी ठरली. आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात सेलू तालुक्यातील शेतकरी थंडीच्या दिवसांत मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात जात राहिला. बोरचे अरण्य २०१४ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. त्याच्या लगतच्या हिंगणी आणि भोवतालच्या गावांत रात्रीचे ओलीत म्हणजे रानडुकरे, साप आणि कधी प्रत्यक्ष वाघ यांच्या वाटेत उभे राहणे होय. राज्याच्या आराखड्यात जी राखीव क्षमता कागदावर दिसत नव्हती ती अशी होती. कोणत्याही वीजकेंद्राला उभे राहण्याचे मोल मिळते. या राखीव क्षमतेला ते कधीच मिळाले नाही, उलट सवलतीच्या विजेचा लाभार्थी म्हणून तिची गणना झाली.

सौर ऊर्जेने हा अन्याय दूर करण्याची संधी प्रथमच आणून दिली आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि तिचे आरंभीचे प्रयोग राळेगणसिद्धीला आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे झाले. २०२३ पासून तिच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले आहे. दिवसाचे ओलीत हे केवळ सोयीचे नव्हे, तर माणसाच्या जीविताचे रक्षण करणारे आहे, म्हणून या योजनेचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. मात्र ऋतूचा हिशेब येथेही सुटत नाही. शेतीची मागणी दिवसाकडे सरकली की टंचाई संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत एकवटते, आणि ती भागवण्यासाठी घाटघरसारखी उदंचन जलविद्युत केंद्रे, विद्युत्घट, कोयनेचे राखलेले पाणी आणि संध्याकाळी झपाट्याने वर येऊ शकणारे औष्णिक संच यांची तरतूद त्या-त्या ऋतूच्या मापाने करावी लागेल. ती न झाल्यास पहिल्या अडचणीच्या वर्षी पुन्हा कृषिवाहिनीकडेच हात जाईल, ही भीती निराधार नाही.

क्षमता राखून ठेवण्याला खर्च लागतो, आणि तो अखेर ग्राहकाच्याच खिशातून जातो, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. ऋतुवार आकड्याचा मोठा लाभ हाच की त्यामुळे अनावश्यक खर्च टळतो. मे महिन्यातल्या रात्रीच्या साठ तासांसाठी पंचवीस वर्षांचा बारमाही करार करावा लागत नाही. तेवढ्या ऋतूपुरता करार, शेजारी राज्याशी देवघेव, साठवणुकीची सोय, किंवा ठरलेल्या मोबदल्यावर काही तास यंत्रे थांबवण्यास राजी असलेला कारखाना, यांपैकी जे स्वस्त असेल ते निवडता येते. दिवसाच्या वापराला सवलत देणारे वेळेनुसारचे दर हेही त्याच मार्गावरचे पाऊल आहे.

या सर्व गोष्टी तज्ज्ञांच्या आहेत असे समजून आपण दूर राहिलो तर तज्ज्ञांचा आकडा आपल्या रात्रीवर पुन्हा बसेल. आयोगाच्या दरविषयक जाहीर सुनावण्या नागपुरातही होतात आणि तेथे कोणत्याही ग्राहकाला हरकत नोंदवता येते. वर्धा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी, ग्राहक संघटनांनी आणि शेतकऱ्यांनी तेथे तीन मागण्या लेखी मांडाव्यात: वार्षिक आकड्याबरोबर पावसाळा, रब्बी आणि उन्हाळा यांचे आवश्यक क्षमतेचे निरनिराळे आकडे विभागवार प्रसिद्ध व्हावेत, न पुरवलेल्या विजेची नोंद वाहिनीनिहाय ठेवून ती मागणीत धरली जावी, आणि कृषिवाहिनीची रात्रपाळी कोणत्याही आराखड्यात राखीव क्षमता म्हणून मोजली जाऊ नये. जे राज्य आपल्या शेतकऱ्याला दिवसा पाणी आणि आपल्या वृद्धांना उन्हाळ्याच्या रात्री वारा देऊ शकत नाही, त्याच्या वीजकेंद्रांची बेरीज कितीही मोठी असली तरी त्याची वीज पुरेशी आहे असे म्हणता येणार नाही.